डीएनए सापडला, मग खुनी का सापडत नाही?

अवकाळी

खुनाच्या बातमीत हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: 'घटनास्थळावरून डीएनए नमुने घेऊन ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आले आहेत.' वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आता आठवड्याभरात गचांडी धरून आणतील. पुढे त्या खुनाचं काय झालं ते मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

परवा जर्मनीतलं एक प्रकरण वाचलं आणि डोकं भणभणलं. २५ एप्रिल २००७ रोजी हाइलब्रॉनमध्ये गस्तीच्या गाडीत बसलेल्या दोन पोलिसांवर भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. २२ वर्षांची पोलीस तरुणी गेली, तिचा सहकारी डोक्यात गोळी लागूनही वाचला. गाडीवर एका बाईचा डीएनए मिळाला. जुन्या नोंदींशी ताडून पाहिला तर बाई चांगलीच मुरलेली निघाली! १९९३ मध्ये इडार-ओबरस्टाइनला एका ६२ वर्षांच्या बाईंचा खून झाला होता, तिथल्या चहाच्या कपावर हीच. २००१ मध्ये फ्रायबुर्गला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खून, तिथेही हीच. शिवाय घरफोड्या, चोरीच्या गाड्या, हेरॉइनची सुई, अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स मिळून ४० च्या आसपास ठिकाणी बाईसाहेबांची हजेरी. तिचा चेहरा कोणालाच माहीत नाही. पकडलेले साथीदार म्हणायचे, आमच्याबरोबर कोणी बाई नव्हतीच. बक्षीस ३ लाख युरोपर्यंत गेलं.

मार्च २००९ मध्ये उलगडा झाला. जळालेल्या एका पुरुषाची ओळख पटवायची होती, म्हणून त्याच्या जुन्या आश्रय-अर्जावरचे बोटांचे ठसे तपासले, तर त्यातही हीच बाई. पुरुषाच्या ठशात बाई कशी? दुसऱ्या काडीने नमुना घेतला तर गायब. म्हणजे डीएनए होता तो नमुने टिपायच्या कापसाच्या काड्यांवर. काड्या जिथे बनायच्या तिथे पॅकिंगचं काम करणाऱ्या एका बाईचा. काड्या निर्जंतुक होत्या; पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो.

प्रश्न असा: एखादा खून वर्षानुवर्षं उलगडत नाही, तेव्हा डीएनए नक्की कुठे कमी पडतो? शास्त्रात की हाताळणाऱ्या माणसांत? जाणकारांनी लिहावं. बाकीच्यांनीही लिहावं, तसंही ते ऐकणार नाहीतच.

भरली_वांगी

आता कान साफ करताना काडीकडे संशयाने बघणार मी.

तळ्यातमळ्यात

त्या पॅकिंगवाल्या बाईंना कळलं तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल? तीन देशांचे पोलीस १६ वर्षांच्या गुन्ह्यांसाठी मागावर, आणि या आपल्या रोज डबा घेऊन कामावर.

स्टुटगार्टकर

हाइलब्रॉन माझ्या घरापासून तासाभराच्या आत. त्या दोन वर्षांत इथल्या पेपरांना दुसरा विषय नव्हता. 'बिनचेहऱ्याची बाई' हे नाव त्यांनीच दिलेलं.

धाग्यात दोन गोष्टी राहिल्यात. एक, बव्हेरिया हे एवढं मोठं शेजारचं राज्य, पण तिथे ही बाई कधी गुन्हा करत नव्हती. कारण बव्हेरियाचे पोलीस काड्या दुसरीकडून घ्यायचे. नकाशावर टाचण्या टोचून बसलेल्या कोणाला तरी हे आधी दिसायला हवं होतं की नाही? दुसरी गोष्ट जास्त वाईट. गोळीबार झाला त्या मैदानात तेव्हा जत्रेची तयारी चालली होती. त्यामुळे फिरस्त्या लोकांवर, सिंती आणि रोमा समाजावर, पोलिसांनी संशय धरला आणि तपास बराच काळ त्यांच्याभोवती फिरवला. खोट्या डीएनएने वेळ वाया गेलाच, वर 'ही बाई गावोगाव फिरते' हा समजही पक्का केला.

खरे खुनी कोण निघाले ते बहुतेकांना माहीत असेल. त्याबद्दल नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

पिपेटवाली

निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या नळीत, बँड (डीएनए असल्याची खूण) आलेला बघणं काय असतं ते प्रयोगशाळेत काम केलेल्यांना विचारा. :)

मी न्यायवैद्यक क्षेत्रातली नाही, रेण्वीय जीवशास्त्रातली आहे, पण तंत्र तेच: पीसीआर. माणसाच्या एका पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पीसीआरमध्ये त्याच्या प्रती दर फेरीला जवळपास दुप्पट होतात. अशा अठ्ठावीस-तीस फेऱ्या केल्या की मूठभर पेशींतूनही वाचता येईल एवढा डीएनए मिळतो. मर्यादाही तिथेच आहे. यंत्राला खुन्याच्या पेशी आणि पॅकिंगवाल्या बाईंच्या पेशी यांत फरक कळत नाही, दोघांच्याही प्रती ते सारख्याच निष्ठेने काढतं.

म्हणूनच बऱ्या प्रयोगशाळांत पीसीआरच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाच्या खोल्या वेगळ्या असतात, दर खेपेला एक कोरी नळी सोबत चालवतात आणि कर्मचाऱ्यांचे डीएनए आधीच नोंदवून ठेवतात, म्हणजे नमुन्यात आपलंच माणूस निघालं तर लगेच कळावं. हाइलब्रॉननंतर २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आलं, आयएसओ १८३८५. आता 'निर्जंतुक' एवढं छापून भागत नाही.

आणि अवकाळी, तुमच्या प्रश्नातच एक गोची आहे. डीएनए सांगतो 'कोणाचा'. तो कधी पडला, कसा पडला, पडला तेव्हा माणूस तिथे होता का, यातलं काहीही तो सांगत नाही. वडे तळणाऱ्या घरात पाच मिनिटं बसून आलात तरी कपड्यांना तळणाचा वास लागतो. तेवढ्यावरून वडे तुम्ही तळले असं कोणी म्हणत नाही. डीएनएच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतात.

नाना_वरचा_मजला

तुम्ही सगळे मिळून डीएनएला झोडपताय म्हणून मी उलट बाजू घेतो. हे तंत्र नसतं तर किती निरपराध आत सडले असते याचा विचार करा.

पहिलंच उदाहरण घ्या. इंग्लंडमधलं लेस्टरशायर. १९८३ आणि १९८६ मध्ये १५ वर्षांच्या दोन मुलींचे खून. एका पोराने दुसऱ्या खुनाचा चक्क कबुलीजबाब दिला. अॅलेक जेफ्रीजनी नुकतंच, १९८४ मध्ये, डीएनए ठशांचं तंत्र शोधलं होतं, ते तिथेच लेस्टरला. पोलिसांना वाटलं, याच्यावर पहिला खूनही शाबीत होईल. निकाल काय आला? दोन्ही खून एकाच माणसाचे, आणि तो माणूस हा नव्हे. खुनाच्या तपासात डीएनएने केलेलं पहिलं काम म्हणजे एका निरपराधाची सुटका. हे आपण विसरतो.

अवकाळी

नाना, पुढचं पण सांगा की. अर्धी गोष्ट सांगून वरच्या मजल्यावर पळू नका.

नाना_वरचा_मजला

सांगतो, सांगतो. मग आसपासच्या गावांतल्या ५ हजारांहून जास्त पुरुषांचे नमुने घेतले. एकही जुळला नाही. कारण कॉलिन पिचफोर्क या इसमाने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं! तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, कोणीतरी ते पोलिसांना सांगितलं, आणि १९८७ च्या सप्टेंबरात पिचफोर्क सापडला. १९८८ मध्ये जन्मठेप.

आता यावर 'म्हणजे गुन्हा पबमधल्या गप्पांनी उघडकीला आला' असं कोणीतरी म्हणणारच.

भरली_वांगी

म्हणजे गुन्हा पबमधल्या गप्पांनी उघडकीला आला.

तालुका_कोर्ट

उशिरा आलो, पण धागा माझ्या रोजीरोटीचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. फौजदारी वकिली करतो, बहुतेकदा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझं म्हणणं त्या चष्म्यातून आलंय हे धरून चाला.

सगळ्यात आधी: आपल्याकडच्या बहुतेक खुनांत डीएनए कामालाच येत नाही, आणि त्यात प्रयोगशाळेचा दोष नसतो. खून करणारा घरचा, भावकीतला किंवा शेजारचा असतो. नवऱ्याचा डीएनए बेडरूममध्ये सापडला, यातून काय शाबीत होणार? तो तिथे राहतो. दिराचा केस अंगणात सापडला, दीर त्याच अंगणात दात घासतो. डीएनएला किंमत येते ती जिथे असायचं कारणच नाही अशा ठिकाणी तो मिळाला तर. परक्याने केलेल्या खुनात तो मोलाचा, पण परका कोण हेच माहीत नसतं. जुळवायचा कोणाशी?

दुसरं म्हणजे मुद्देमाल. पिपेटवालींच्या प्रयोगशाळेत दोन खोल्या असतील, पण नमुना तिथे पोहोचेपर्यंत काय काय होतं ते पंचनाम्यात लिहिलेलं नसतं. रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून लाखेचं सील मारलेलं मी पाहिलंय. आत बुरशी धरते, डीएनए कुजतो. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मग मुद्देमाल कारकुनाच्या खोलीत पाकीट पडून राहतं, कॅरिअर शिपाई बंदोबस्तात अडकलेला असतो, गणपती येतात, निवडणूक येते. अहवाल हातात पडतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं: निष्कर्ष काढता आला नाही. पंच तोवर फितूर झालेले असतातच.

हे माझंच रडगाणं नाही. दिल्लीच्या छावला प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, ७ नोव्हेंबर २०२२. एका तरुणीवर बलात्कार करून खून. खालच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. बाकी कारणं होतीच, पण एक असं: नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले आणि २७ तारखेपर्यंत ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात होते. मधल्या काळात छेडछाड झाली नाही याची खात्री कोण देणार? शिवाय अहवाल देणाऱ्याने कोणतं तंत्र कसं वापरलं याची नीट तपासणीच कोर्टात झाली नव्हती. अहवालात 'जुळतो' आहे ना, मग झालं, एवढ्यावर काम चाललेलं.

निकालावर लोक भडकले, आणि त्या मुलीच्या आईबापांचं दुःख बघून मलाही काही सुचलं नाही. पण त्या तिघांनीच केलं असेल तर ते सुटले ते त्या मालखान्यामुळे, आणि केलं नसेल तर खरा खुनी २०१२ पासून मोकळा आहे. दोन्हीकडून तोटा फिर्यादीचाच.

शेवंती

तालुका_कोर्ट, दंडवत. 'दीर त्याच अंगणात दात घासतो' हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

बे_एरियातला_बाळू

पिपेटवालींच्या तळणाच्या वासाला आमच्याकडचं उदाहरण. नोव्हेंबर २०१२, सॅन होजेजवळ मॉन्टे सेरेनो. रवीश कुमरा नावाचे भारतीय वंशाचे उद्योजक. घरात दरोडेखोर शिरले, त्यात त्यांचा जीव गेला. त्यांच्या नखांखाली डीएनए मिळाला लुकिस अँडरसन या बेघर माणसाचा. नखांखाली म्हणजे झटापट झाली, यापेक्षा पक्का पुरावा कोणता? अटक झाली, खुनाचा आरोप लागला. बिचाऱ्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. तो म्हणायचा, मी दारूत असतो, मी केलंही असेल.

त्याच्या सरकारी बचाव वकिलाने कागद खणले. खुनाच्या रात्री अँडरसन दारू पिऊन बेशुद्ध पडलेला आणि हॉस्पिटलात दाखल होता. त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारी तेच, जे काही तासांनी कुमरांच्या घरी गेले. बोटाला चिमट्यासारखं लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र असतं ना, बहुधा त्यावरूनच डीएनए याच्या बोटावरून त्यांच्या बोटावर गेला. पाच महिने आत होता तो. हॉस्पिटलचा कागद सापडला म्हणून सुटला. त्या रात्री तो शुद्धीत एखाद्या पुलाखाली एकटा झोपला असता, तर आज कुठे असता?

डब्बा_ऐसपैस

कोविडात आख्ख्या सोसायटीने एकच ऑक्सिमीटर फिरवला होता आमच्याकडे. म्हणजे बी विंगमध्ये खून झाला तर ए विंग सगळी आत.

गणिताचा_पेपर

'जुळण्याची शक्यता लाखात एक' हे ऐकून लोक समजतात की आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही नव्वदच्या दशकात यावरून एक शिक्षा रद्द केलेली आहे.

हिशोब करा. नमुना कुजलेला, अर्धीच खूण वाचता आली, आणि ती लाखात एका माणसाशी जुळते. मुंबई आणि आसपास मिळून २ कोटी माणसं धरली तर त्यातल्या साधारण २०० जणांशी ती जुळेल. दुसरा काहीच पुरावा नसेल तर तुमचा आरोपी २०० पैकी एक. दुसरा पुरावा असेल, म्हणजे तो त्या इमारतीत होता, त्याच्याकडे मयताचा फोन मिळाला, तर चित्र पूर्ण बदलतं. डीएनए खोटा नाही पडला, आकड्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

पूर्ण प्रोफाइल असेल तर आकडा अब्जावधीत एक वगैरे जातो आणि हा प्रश्न मिटतो. पण जुने, न उलगडलेले खून बहुतेकदा अर्ध्यामुर्ध्या नमुन्यांवरच अडलेले असतात. त्यातून दोन-तीन माणसांची सरमिसळ झाली असेल तर बघायलाच नको.

पिपेटवाली

सरमिसळीवरून आठवलं. इटिएल ड्रोर आणि ग्रेग हॅम्पिकियन यांचा २०११ चा प्रयोग. अमेरिकेतल्या एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यातला मिश्र नमुना. मूळ तज्ज्ञांनी म्हटलं होतं, आरोपी या मिश्रणात असू शकतो. तोच तक्ता १७ तज्ज्ञांना दिला, खटल्याची काहीही माहिती न देता. १२ जण म्हणाले, हा माणूस यात नाही. ४ म्हणाले, सांगता येत नाही. मूळ निष्कर्षाशी सहमत फक्त १. यंत्राने काढलेला तक्ता एकच, वाचणारे डोळे वेगळे, आणि मूळवाल्यांना 'पोलिसांना कोण हवाय' हे माहीत होतं.

नाना_वरचा_मजला

बरं, मग ते कॅलिफोर्नियातलं गोल्डन स्टेट किलरचं काय? १३ खून, सत्तर-ऐंशीच्या दशकातले. २०१८ मध्ये ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याला घरून उचलला, माजी पोलीस! तो फक्त आणि फक्त डीएनएने सापडला. हे मान्य करा की लेको.

बे_एरियातला_बाळू

मान्य, नाना. पण कसा सापडला ते बघा. त्याचा डीएनए पोलिसांकडे कित्येक वर्षं होता आणि गुन्हेगारांच्या नोंदींत तो नव्हता, म्हणून उपयोग शून्य. शेवटी जीईडीमॅच नावाच्या वंशावळीच्या साइटवर दूरचे नातलग शोधले, त्यावरून मोठमोठ्या वंशावळी मांडल्या, वय, राहण्याचं ठिकाण यांवरून गाळत गाळत एका माणसावर आले आणि मग त्याचा ताजा नमुना गुपचूप मिळवून जुळवला. डीएनए एक दिवसाचा, बाकी कुलवृत्तांताचं काम. पुढे २०१९ मध्ये त्या साइटनेच नियम बदलला: ज्याने स्वतःहून परवानगी दिलीय त्याचीच माहिती पोलिसांना दिसेल.

आणि हे आपल्याकडे चालेल असं वाटत असेल तर विसरा. एक तर आपले लोक अशा साइटवर फारसे नाहीतच. दुसरं, पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं, आणि दक्षिण महाराष्ट्रात तर मामाची मुलगी हक्काची. अशा समाजात दूरचा नातलगही डीएनएत जवळचा दिसतो, आणि तीन वाटांनी नातं लागतं. वंशावळ मांडणारा वेडा होईल.

शेवंती

आमच्या घरी ते डीएनएशिवायच होतं. लग्नात कोण कोणाचा कोण हे सांगायला एक आत्या ठेवलीय.

कट्टा_नंबर_दोन

लंडनचा तो कधीच न सापडलेला खुनी, जॅक द रिपर, त्याचं पण उकलल्याची बातमी दर पाच वर्षांनी येते. एक शाल, त्यावर डीएनए, खुनी सापडला!

पिपेटवाली

@कट्टा_नंबर_दोन, ती शाल. १८८८ चा खून, शाल घटनास्थळीच होती याला धड पुरावा नाही, शंभरावर वर्षं ती कोणाकोणाच्या हातून फिरलेली. त्यावरून काढला तो मायटोकाँड्रियल डीएनए, जो आईकडून येतो आणि हजारो असंबंधित लोकांत सारखा असू शकतो. त्याने एखाद्याला वगळता येतं, बोट ठेवता येत नाही. आरोन कोझमिन्स्कीच खुनी, हे २०१४ मध्ये जाहीर झालं तेव्हा दुर्मीळ म्हणून दाखवलेली खूण मोजायलाच चुकलेली निघाली. ती प्रत्यक्षात युरोपात सर्रास आढळणारी होती. २०१९ मध्ये शोधनिबंध आला, त्यावरही टीकाच झाली. अशा बातम्यांनी आमचं डोकं उठतं.

मिरजेची_सतार

आरुषी प्रकरण कोणी काढलं नाही अजून? आरुषीची आई नूपुर तलवार माहेरच्या चिटणीस, म्हणजे आपल्याकडच्या, म्हणून आमच्या घरी तेव्हा रोज दोन पार्ट्या पडायच्या.

त्यातलं उशीच्या अभ्र्याचं प्रकरण आठवतंय का? मे २००८ ची घटना. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालात होतं की हेमराजचं (घरातला नोकर, आरुषीबरोबर त्याचाही खून झाला) रक्त एका जांभळ्या अभ्र्यावर सापडलं, आणि तो अभ्रा तलवारांच्या दवाखान्यातल्या मदतनीसाच्या खोलीतून जप्त केलेला. म्हणजे संशयाचा काटा सरळ दुसरीकडे. पुढे सीबीआयचं म्हणणं पडलं की ती टंकलेखनातली चूक. तो अभ्रा आणि हेमराजच्या खोलीतला अभ्रा यांच्या वर्णनांची अदलाबदल झाली. प्रयोगशाळेनेही तसं स्पष्टीकरण दिलं. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप, १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. दोन खून, आणि आजही खुनी कोण याचं कोर्टात टिकलेलं उत्तर नाही.

नाना_वरचा_मजला

आरुषी प्रकरणात माझं मत ठाम आहे आणि ते मी

संपादक_३

नाना, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. निर्दोष सुटलेल्या व्यक्तींवर इथे आरोप नकोत. धाग्याच्या विषयावर रहा.

मिरजेची_सतार

मला एवढंच म्हणायचं होतं की पहिल्या दिवशी त्या घरात अख्खी कॉलनी फिरून गेली, आणि गच्चीचं कुलूप दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा हेमराजचा मृतदेह तिथेच होता. अशा जागेवरून मग कितीही काड्या फिरवा.

पेणचा_गणपती

आमच्या तालुक्याचं नाव धाग्यात यायलाच हवं. गागोदे खुर्द. मे २०१२ मध्ये तिथे जंगलात जळालेले मानवी अवशेष मिळाले. नमुने मुंबईला जे.जे. रुग्णालयात गेले. आणि तीन वर्षं कोणी विचारलं नाही की हे माणूस कोण. ऑगस्ट २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण उघडलं ते वेगळ्याच अटकेतल्या ड्रायव्हरच्या चौकशीतून. मग पुन्हा येऊन जमीन खणली, हाडं काढली, डीएनए जुळवला. खटला चालू आहे, त्यामुळे कोणी काय केलं यावर मी बोलत नाही, संपादक_३ निश्चिंत असा.

२०२४ मध्ये तर कहर. कोर्टात सांगण्यात आलं की ती हाडं सापडत नाहीत. महिन्याभरात कळवलं की सापडली, सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात होती.

डब्बा_ऐसपैस

जे पुरलेलं होतं ते सापडलं, जे कपाटात ठेवलेलं होतं ते हरवलं.

अवकाळी

सगळ्यांचे आभार, पण मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला कळलं ते असं की चार ठिकाणी गळती आहे: नमुना घेताना, ठेवताना, वाचताना आणि अर्थ लावताना. पण समजा सगळं नीट झालं. काड्या स्वच्छ, मालखाना स्वच्छ, प्रोफाइल पूर्ण. तरीही खून न उलगडलेला राहतोच ना? अमेरिकेतली ती सहा वर्षांची मुलगी, जॉनबेने रॅमसी, डिसेंबर १९९६. तिच्या कपड्यांवर अनोळखी पुरुषाचा डीएनए आहे म्हणून २००८ मध्ये सरकारी वकिलांनी कुटुंबाला संशयातून मुक्त केलं. आजही खटला उभा नाही.

पिपेटवाली

जॉनबेनेचं सगळं नीट झालं असं कोणी सांगितलं? सुरुवातीचे कित्येक तास घरात मित्रमंडळी होती, वडिलांनीच मृतदेह तळघरातून उचलून वर आणला. आणि तो डीएनए अत्यल्प आहे. तो एकाच माणसाचा आहे की दोघा-तिघांचं मिश्रण, यावरही तज्ज्ञांत मतभेद झालेत. तो खुन्याचा असेल किंवा कपडे शिवणाऱ्या, घडी घालणाऱ्या कोणाचाही. तुमच्या पॅकिंगवाल्या बाईच तिथे पुन्हा येतात.

स्टुटगार्टकर

अवकाळींच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हाइलब्रॉनमध्येच आहे. उरलेलं आता लिहितो.

नोव्हेंबर २०११. आयसनाख गावात बँक लुटून दोघे जण एका कॅम्पर गाडीत लपलेले. पोलीस जवळ आले तेव्हा गाडी पेटली, आत दोघे मेलेले. उवे मुंडलोस आणि उवे ब्योनहार्ट. गाडीत काय मिळालं? हाइलब्रॉनच्या त्या दोन पोलिसांची सरकारी पिस्तुलं. हे एनएसयूवाले, नवनाझी. २००० पासून तुर्की आणि ग्रीक वंशाच्या नऊ दुकानदारांचे वगैरे खून यांचेच. तिसरी, बेआटे चेपे, तिला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. आठवतंय ना, पोलीस तोवर रोमा लोकांच्या मागे होते.

आता डीएनए. ४० ठिकाणी एक बाई दाखवणाऱ्या तपासात, हाइलब्रॉनच्या जागेवर या दोघांचा डीएनए मिळाला नव्हता. पण नाव कळल्यावर त्यांच्या त्स्विकाउच्या घराचा जळका ढिगारा उपसला, त्यात एक ट्रॅक पँट मिळाली. तिच्यावर त्या पोलीस तरुणीचं रक्त होतं. आणि पँटच्या खिशातल्या टिश्यू पेपरवर मुंडलोसचा डीएनए.

म्हणजे डीएनए चाललाच. कुठे बघायचं हे कळल्यावर. त्याआधीच्या साडेचार वर्षांतली पहिली दोन तर तो एका निरुपद्रवी बाईंच्या मागे धावत होता.

तालुका_कोर्ट

+१. आम्ही कोर्टात हेच वेगळ्या शब्दांत मांडतो: डीएनए हा पुष्टी देणारा पुरावा आहे. आधी साक्षीदार, फोनचं लोकेशन, पैशाचा माग, हेतू. मग त्यावर डीएनए बसला तर आरोपीच्या वकिलाची, म्हणजे माझी, झोप उडते. नुसता डीएनए घेऊन आले तर मला बोलायला भरपूर असतं.

स्टुटगार्टकर

अजून एक, मग गप्प बसतो. २००१ मध्ये बेपत्ता झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे अवशेष २०१६ मध्ये थुरिंगियाच्या जंगलात मिळाले, आणि तिथे सापडलेल्या कापडाच्या तुकड्यावर कोणाचा डीएनए निघाला? ब्योनहार्टचा! देश हादरला. काही महिन्यांत कळलं, तो पोलिसांच्याच तपासाच्या साहित्यातून तिथे आला होता. हाइलब्रॉनच्या खुन्याचा डीएनए, हाइलब्रॉनच्याच पद्धतीने.

भरली_वांगी

यावर विनोद सुचत नाहीये, नोंद घ्यावी.

शेवंती

तालुका_कोर्ट, एक विचारायचं होतं. हे मालखान्याचं पुढे काही सुधारलं का? की छावलानंतरही तेच?

तालुका_कोर्ट

कागदावर बरंच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या सुरुळी धबधब्याजवळच्या दुहेरी खुनात फाशी झालेल्या आरोपीला सोडलं, आणि त्याच निकालात देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण नोंदवायचं. पाकीट कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवायची, ती कोर्टाच्या कागदपत्रांत जोडायची. शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यानुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत.

प्रत्यक्षात व्हॅन आहे तर ड्रायव्हर नाही, तंत्रज्ञ आहे तर किट संपलेलं, असं सध्या दिसतं. सगळीकडे असेल असं नाही.

नाना_वरचा_मजला

मग आरोपीचे वकील खूश असतील.

तालुका_कोर्ट

नाना, नोंदवही नीट असेल तर मला बोलायला जागाच उरत नाही. एका प्रकरणात पुढच्या तारखेला ती मागणार आहे. मिळाली तर इथे येऊन सांगतो, नाही मिळाली तरी सांगतो.